येशू खरंच उठला का? पुरावा मागणाऱ्यांसाठी जरा लांबलचक उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: घर ख्रिस्ती, नगरकडचं, विचारणारे स्वतः इंजिनीअर. ऑफिसातले मित्र म्हणतात येशू नावाचा माणूस झालाच नाही, सगळी रोमन लोकांनी रचलेली कथा, आणि मंडळीत विचारायला गेलं तर "प्रश्न नको, विश्वास ठेव" हे उत्तर. मग ऐतिहासिक पुरावा असा काही आहे का, आणि डोकं गहाण न टाकता ख्रिस्ती राहता येतं का?

मी बरीच वर्षं बायबल कॉलेजात नवा करार आणि पहिल्या शतकाचा इतिहास शिकवतोय, आणि स्वतः विश्वासणारा आहे. हे आधीच सांगतो, म्हणजे माझा कल कुठे आहे ते तुम्हाला माहीत असेल आणि तेवढ्या सावधपणे वाचाल.

"झालाच नाही" हा मुद्दा पटकन उरकू, कारण त्यात फारसा दम नाही. टॅसिटस हा रोमन इतिहासकार ख्रिस्ती लोकांना अक्षरशः तुच्छ मानायचा, तो इ.स. ११६ च्या आसपास लिहितो की इ.स. ६४ ची रोमची आग नीरोने ज्यांच्या माथी मारली त्या लोकांचा मूळपुरुष ख्रिस्त, याला तिबिर्य कैसराच्या काळात यहुदियाचा रोमन सुभेदार पंतय पिलाताने मृत्युदंड दिला. जोसेफस हा यहुदी इतिहासकार इ.स. ९३-९४ च्या सुमारास दोन ठिकाणी येशूचा उल्लेख करतो. त्यातल्या एका उताऱ्यात नंतरच्या ख्रिस्ती लेखनिकांनी स्वतःची भर घातलीय हे उघड दिसतं (यहुदी माणूस "तो ख्रिस्त होता" असं कशाला लिहील?), पण दुसरा उतारा अगदी कोरडा आहे, इ.स. ६२ मध्ये प्रमुख याजकाने याकोबाला दगडमार करवला आणि हा याकोब म्हणजे "ज्याला ख्रिस्त म्हणतात त्या येशूचा भाऊ", बस्स, ओळख पटवण्यापुरता उल्लेख. कथेतल्या काल्पनिक माणसाच्या भावाला कोणी दगडं मारत नाही. पिलाताचं नाव कोरलेला दगड १९६१ मध्ये कैसरियाला सापडला, तेव्हा तोही खरा. विद्यापीठांत या काळावर काम करणारे नास्तिक, यहुदी, ख्रिस्ती अभ्यासक जवळपास सगळेच येशू होऊन गेला आणि त्याला वधस्तंभावर मारलं एवढं धरूनच चालतात. मित्रांना एवढं सांगा आणि पुढे चला.

खरा वाद त्यानंतरच्या रविवारचा आहे, म्हणजे तो मेलेल्यांतून उठला का याचा.

इथे बहुतेक लोक शुभवर्तमानं, म्हणजे मत्तय, मार्क, लूक, योहान ही येशूच्या जीवनाची चार पुस्तकं उघडतात, आमचे प्रचारकसुद्धा तेच करतात, आणि माझ्या मते सुरुवातच चुकीच्या टोकाकडून होते. जमिनीचा व्यवहार करताना आपण आधी सातबारा बघतो, गावात कोण काय म्हणतं ते नंतर. इथला सातबारा म्हणजे पहिल्या पिढीतला ख्रिस्ती प्रचारक पौल याची पत्रं. मार्क साधारण इ.स. ७० च्या आसपासचा, मत्तय आणि लूक त्यानंतर दहा-वीस वर्षांनी, योहान शतक संपताना, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पौल मात्र इ.स. ५० च्या दशकात लिहितोय आणि स्वतःच्या नावाने लिहितोय. तारीखही हवेतली नाही, कारण प्रेषितांच्या कृत्यांत म्हटलंय की करिंथात पौलाला गल्लियो सुभेदारापुढे उभं केलं, आणि ग्रीसमध्ये देल्फीला क्लौद्य कैसराचा एक शिलालेख सापडलाय ज्यावरून हा गल्लियो इ.स. ५१-५२ च्या सुमारास तिथे होता हे काढता येतं. त्या खुंटीला पौलाचं बाकीचं कॅलेंडर टांगलेलं आहे.

आता करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय १५, वचन ३ ते ८. पत्र इ.स. ५४-५५ चं. पौल म्हणतो, जे मला मिळालं होतं तेच मी तुम्हाला दिलं: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, आणि केफाला (म्हणजे येशूचा शिष्य पेत्र याला) दिसला, मग बारा शिष्यांना, मग पाचशेहून जास्त जणांना एकाच वेळी, मग याकोबाला, मग सर्व प्रेषितांना, सगळ्यात शेवटी मला. यातला पहिला भाग ठाशीव आहे, पाठ करायला घडवलेला, आणि पौलाच्या नेहमीच्या लिहिण्यापेक्षा वेगळा. म्हणजे हे त्याने रचलेलं नाही, त्याच्याही आधीचं आहे. किती आधीचं? गेर्ड ल्युडेमान नावाचे जर्मन प्राध्यापक होते, त्यांनी उघडपणे ख्रिस्ती विश्वास सोडला आणि पुनरुत्थान झालंच नाही असं शेवटपर्यंत मांडलं, पण तेसुद्धा यातला मजकूर वधस्तंभानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतला मानत. "दंतकथा हळूहळू वाढत गेली" हा जो लाडका मुद्दा आहे ना, तो इथे अडकतो. बारकावे वाढले असतील, वाढलेच, पण "उठला आणि दिसला" हे मूळ वाक्य दंतकथा वाढायला वेळ मिळायच्या आधीच ठरलेलं आहे.

दुसरा उतारा मला याहून आवडतो, आणि मंडळीत त्यावर क्वचितच कोणी बोलतं. गलतीकरांस पत्र, पहिला अध्याय. पौल सांगतो की आपला पालट झाल्यावर तीन वर्षांनी मी यरुशलेमेस केफाला भेटायला गेलो, पंधरा दिवस त्याच्याकडे राहिलो, आणि प्रभूचा भाऊ याकोब याच्याशिवाय दुसरा कोणी प्रेषित मला दिसला नाही. आणि लगेच देवाची साक्ष काढून म्हणतो की मी हे खोटं लिहीत नाही. विचार करा, हा माणूस आधी या लोकांचा छळ करत होता, मग तो पेत्राच्या घरी पंधरा दिवस काढतो, येशूच्या सख्ख्या भावाला भेटतो, ते दोन आठवडे हे लोक हवापाण्याच्या गप्पा मारत बसले असतील का! आणि हे तो पेत्राची तारीफ करायला लिहीत नाहीये, उलट त्या पत्रात त्याचा मुद्दाच असा आहे की मी यरुशलेमवाल्यांच्या हाताखालचा नाही. पुढच्या अध्यायात तर अंत्युखियात सगळ्यांसमोर पेत्राला तोंडावर झापल्याचं तो स्वतः सांगतो. दोघांचं साटंलोटं असतं तर हे भांडण कागदावर आलं नसतं. इतिहास तपासणाऱ्याला असे उतारे सोन्यासारखे वाटतात, कारण यात कोणी काही सिद्ध करायला निघालेलं नाही, माहिती बोलता बोलता सुटलीय.

म्हणजे आपल्या हातात नक्की काय आहे? येशूला मारलं. त्यानंतर फार थोड्या काळात पेत्र, याकोब आणि पौल या तिघांना तो जिवंत दिसला अशी त्यांची स्वतःची खात्री झाली. तिघांपैकी एक अनुयायी, एक घरचा पण न मानणारा (मार्क ३ मध्ये घरचे त्याला वेडा ठरवून धरायला आलेत, योहान ७ मध्ये भाऊ विश्वास ठेवत नाहीत), आणि एक सरळ विरोधक. हे मी गाभा म्हणतो. यावर सेक्युलर अभ्यासकांचीही फार तक्रार नाही, तक्रार आहे ती याचा अर्थ काय लावायचा त्यावर.

पाचशे लोकांचं मी गाभ्यात धरलं नाही हे लक्षात आलं असेल. आमचे वक्ते "पाचशे साक्षीदार" असं ठोकून सांगतात, पण आपल्यासमोर पाचशे साक्षी नाहीत, पाचशेंबद्दल एका माणसाचं एक वाक्य आहे. त्यातले बहुतेक अजून जिवंत आहेत असं तो लिहितो, म्हणजे विचारून बघा असा त्याचा सूर आहे, तेवढी किंमत द्या, जास्त नको.

रिकाम्या कबरेचं वजन मी या गाभ्याच्या खाली ठेवतो. पौल फक्त "पुरला गेला" म्हणतो, कबर रिकामी सापडली हे तो लिहीत नाही. शुभवर्तमानं लिहितात, आणि चारही जण सांगतात की आधी बाया गेल्या, मग्दालीया मरीया चारही ठिकाणी आहे. त्या काळी यहुदी कोर्टात बाईच्या साक्षीला मान नव्हता, जोसेफस तसं स्पष्ट लिहितो, तेव्हा गोष्ट बनवायचीच होती तर पहिला साक्षीदार म्हणून पेत्राला पाठवला असता. हा मुद्दा मला पटतो, पण त्याची मर्यादाही बघा, प्रेताला सुगंधी द्रव्यं लावायला बाया जायच्या, त्यामुळे कथेत त्या असणं अगदीच अनपेक्षित नाही. दुसरा आक्षेप असा की रोमन लोक वधस्तंभावरची प्रेतं पुरूच देत नसत, गिधाडांना सोडत. साम्राज्यात इतरत्र तसं व्हायचं हे खरं. पण यहुदियात जोसेफसच्या म्हणण्याप्रमाणे सूर्यास्ताआधी अशी प्रेतंही उतरवून पुरत, आणि १९६८ मध्ये यरुशलेमजवळ गिवत हा-मिवतार इथल्या कबरीत योहोहानन नावाच्या माणसाच्या टाचेचं हाड सापडलं, त्यात खिळा तसाच रुतलेला होता, टोक वाकल्यामुळे तो काढता आला नव्हता. वधस्तंभावर मेलेला हा माणूस रीतसर घरच्या कबरीत होता. त्यामुळे "पुरलंच नसेल" हे निदान यरुशलेमपुरतं तरी ठामपणे म्हणता येत नाही.

आता विसंगती. आहेत, आणि लपवून उपयोग नाही. कबरेपाशी किती बाया होत्या, एक तरुण होता की दोन पुरुष की देवदूत, शिष्यांना येशू गालीलात दिसला की यरुशलेमेत, चौघांचं जुळत नाही. मार्कच्या सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत, म्हणजे चौथ्या शतकातल्या दोन मोठ्या पोथ्यांत, मजकूर १६:८ लाच संपतो, बाया घाबरून पळाल्या आणि कोणाला काही बोलल्या नाहीत, खलास. पुढची बारा वचनं नंतर जोडलेली आहेत, पुष्कळ आवृत्त्यांत कंस किंवा टीप असते, बघा. जन्मकथेत तर याहून मोठी अडचण आहे, लूक जी शिरगणती सांगतो ती क्विरीनिय या रोमन सुभेदाराची नोंदवलेली शिरगणती इ.स. ६ ची, आणि ज्याच्या काळात येशू जन्मला म्हणतात तो हेरोद राजा इ.स.पूर्व ४ मध्येच मेलेला. लोकांनी नाना तऱ्हेने हे जुळवून दाखवलंय, मला एकही जुळवणी नीट बसलेली दिसत नाही. मग सगळंच खोटं का? नाही हो. इतिहासात कुठल्याही घटनेच्या चार कथनांत तपशील इकडचे तिकडे होतातच, म्हणून घटना रद्द होत नाही. पण "बायबलमध्ये एकही विसंगती नाही" या वाक्यावर ज्याने आपला अख्खा विश्वास उभा केलाय त्याचा विश्वास कॉलेजच्या पहिल्या वर्षात एका यूट्यूब व्हिडिओने पडतो, हे मी पुष्कळ पोरांच्या बाबतीत बघितलंय.

हस्तलिखितांबद्दल एकच सांगतो. नव्या कराराच्या ग्रीक प्रती ५ हजारांच्या वर आहेत हे खरं, मँचेस्टरला योहानाच्या शुभवर्तमानाचा हातावर मावेल एवढा तुकडा आहे, बहुतेक जण तो दुसऱ्या शतकातला मानतात, हेही खरं. पण यातून सिद्ध होतं ते एवढंच की मूळ मजकूर आपल्यापर्यंत बराच नीट पोचलाय. मजकूर नीट पोचला म्हणजे तो खरा झाला असं नाही, ही गल्लत आमच्या सेमिनारांत सर्रास होते.

मग या गाभ्याचा खुलासा काय? शिष्यांनी प्रेत चोरलं, हा आरोप मत्तयाच्या काळापासून आहे (२८:१५ वाचा), पण चोरी करणाऱ्याला स्वतःला ठाऊक असतं की आपण चोरलंय. इथे आमचे लोक लगेच म्हणतात "सगळे शिष्य हुतात्मा झाले, खोट्यासाठी कोण मरतं". सगळे झाले का? जब्दीचा मुलगा याकोब, येशूचा भाऊ याकोब, पेत्र आणि पौल, या चौघांबद्दल जुना आणि बऱ्यापैकी भरवशाचा पुरावा आहे. बाकीच्यांच्या कहाण्या बऱ्याच नंतरच्या. थोमा चेन्नईला भाल्याने मारला गेला ही परंपरा मला प्रिय आहे, केरळच्या मंडळ्या तिच्यावर उभ्या आहेत, पण पहिल्या शतकातला कागद तिच्यामागे नाही. तरी चार पुरेसे आहेत, त्यांनी मुद्दाम खोटं रचलं नव्हतं एवढं दाखवायला.

मेला नव्हताच, बेशुद्ध होता, हा दुसरा खुलासा. शिपायांनी मारलेला, खिळलेला, अर्धमेला माणूस कबरीतून खुरडत बाहेर आला तर त्याला बघून "मृत्यूवर विजय" कोणाला सुचेल, डॉक्टर बोलवायचं सुचेल. हे म्हणणं कोणा पाळकाचं नाही, एकोणिसाव्या शतकातला दाविद फ्रीडरिख श्ट्राउस हा चमत्कार न मानणारा जर्मन टीकाकार साधारण हेच म्हणाला होता.

दम आहे तो तिसऱ्यात, दर्शनं आणि भास. जवळचं माणूस गेल्यावर ते दिसणं, त्याचा आवाज येणं हे अगदी सर्वसामान्य आहे, तुमच्याही घरात कोणीतरी सांगितलं असेल. पेत्राने येशूला तीनदा नाकारलेलं, अपराधीपणाने खचलेला, त्याला असा अनुभव आला असेल हे मी सहज मान्य करेन. पण असा अनुभव आलेला माणूस "त्याचा आत्मा भेटून गेला" म्हणतो, "तो शरीराने उठला, कबरेत नाही" म्हणत नाही. यहुद्यांची कल्पना अशी होती की पुनरुत्थान जगाच्या शेवटी, सगळ्यांचं एकदम. मध्येच एकाचं, तेही शापित मरण मेलेल्याचं, हे त्यांच्या साच्यात बसत नव्हतं. (अगदीच अशक्य नव्हतं बरं का, मार्क ६ मध्ये येशू म्हणजे उठलेला बाप्तिस्मा करणारा योहान असं लोक म्हणताहेत.) आणि पौलाला कोणाचं दुःख होतं? तो तर खुश असायला हवा होता. टीकाकार इथे सब्बताई त्स्वीचं उदाहरण देतात, १६६६ मध्ये यहुद्यांनी ज्याला मसीहा मानलं तो सुलतानापुढे मुसलमान झाला तरी काही अनुयायांनी नवा अर्थ लावून चळवळ चालूच ठेवली. उदाहरण चांगलं आहे, निराश झालेले अनुयायी काय काय करू शकतात ते कळतं. पण ते अनुयायांचं झालं. याकोब आणि पौल अनुयायी नव्हते, आणि माझ्या मते सगळा खटला या दोघांवर येऊन थांबतो.

इथपर्यंत इतिहास. इथून पुढे इतिहास एकटा नेत नाही, आणि हे जो सांगत नाही तो तुम्हाला काहीतरी विकतोय असं समजा. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४८ मध्ये म्हटलं की चमत्काराची साक्ष कितीही चांगली असली तरी ती चुकीची असण्याची शक्यता नेहमी जास्तच राहणार. देव नाहीच असं तुम्ही आधीच ठरवलेलं असेल तर ह्यूमशी भांडता येणार नाही, मग कुठलाही विचित्र नैसर्गिक खुलासा पुनरुत्थानापेक्षा बराच. पण देव असू शकतो एवढी फट जरी तुमच्या मनात असेल, जग मुळात आहेच का, नियमाने चालतंच का, बरंवाईट हे निव्वळ आवडीनिवडीपेक्षा जास्त काही आहे का, असल्या प्रश्नांवरून, तर मग हा पुरावा बोलायला लागतो. म्हणून मी विद्यार्थ्यांना आधी त्या प्रश्नावर वेळ घालवायला लावतो, कबरेवर नंतर. आणि पुनरुत्थान मानलं म्हणून माणूस ख्रिस्ती होतोच असंही नाही. पिंखास लापिदे नावाचे सनातनी यहुदी विद्वान होते, त्यांनी सगळं तपासून येशू उठला असं मान्य केलं, तो मसीहा आहे हे मात्र मानलं नाही, शेवटपर्यंत यहुदीच राहिले.

व्हॉट्सॲपवरचा माल दोन्ही बाजूंचा फेकून द्या. येशूचं म्हणून दाखवलं जाणारं तुरिनचं कफन १९८८ च्या कार्बन चाचणीत १२६० ते १३९० मधलं निघालं, त्यावर अजून वाद घालणारे आहेत, पण त्याच्यावर विश्वास टांगू नका. तांबड्या समुद्रात सापडली म्हणून सांगतात ती फारोच्या सैन्याच्या रथांची चाकं तर विसराच. आणि तिकडून येणारा "येशू भारतात आला होता" हा प्रकार नोतोविच नावाच्या माणसाने १८९४ मध्ये सुरू केला, लडाखच्या हेमिस मठात पोथी वाचली म्हणून. वर्षभरात एक प्राध्यापक तिथे जाऊन मठाच्या प्रमुखांना विचारून आले, अशी पोथीच नाही आणि हा गृहस्थही इथे आला नाही असं उत्तर मिळालं.

"प्रश्न नको" हे तर आपल्या मातीतलंही नाही. मुंबईत १८३१ मध्ये मिशनरी जॉन विल्सन आणि हिंदू पंडित मोरभट दांडेकर यांचा जाहीर वाद झाला, १८५७ मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारी समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांना उभं करून आठवड्यामागून आठवडे सवाल करत होते. नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांनी ख्रिस्ती मताचं खंडन करायला संस्कृतात ग्रंथ लिहिला आणि तोच वाद घालता घालता १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला. विष्णुबावा तेच सगळं ऐकून हललेसुद्धा नाहीत. दोघांनीही वाचून, भांडून ठरवलं.

वाचायचं असेल तर असं वाचा. आधी गलती १ आणि २, एका बैठकीत. मग करिंथ पहिलं १५. मग मार्क पूर्ण, पण १६:८ ला थांबा आणि पुस्तक मिटा. त्यानंतर मत्तय २७ आणि २८, त्यात २७:५२-५३ वर जरा रेंगाळा, येशू मेला तेव्हा कबरी उघडल्या आणि पुष्कळ पवित्र जन उठून नगरात लोकांना दिसले असं तिथे आहे. हे मार्क, लूक, योहान, पौल कोणीच सांगत नाही, जोसेफसला पत्ता नाही. मी ते घडलेल्या घटनेच्या खात्यात धरत नाही, मत्तयाने त्या मरणाचा अर्थ चित्रातून सांगितलाय असं समजतो. माझ्या ओळखीचे चांगले विश्वासू लोक यावर माझ्याशी भांडतात. तुम्ही वाचून तुमचं ठरवा, आणि पटलं नाही तर का पटलं नाही ते वचनानिशी लिहा, मग पुढचं बोलू.